दिवसाची डोंबिवली कोणी पाहिली?

प्रति,
मा. आयुक्त,
कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

विषय : रिकाम्या होणाऱ्या इमारतींमधल्या रहिवाशांच्या बालपणीच्या आठवणी नोंदवून ठेवण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या कार्यालयातून धोकादायक आणि अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. नोटिसा चिकटतात, वीज-पाणी तोडण्याची तंबी मिळते, काही घरं रिकामी होतात, काही होत नाहीत. जुलै 2015 मध्ये ठाकुर्लीत इमारत कोसळून माणसं गेली, तेव्हापासून त्या यादीला कोणी हसत नाही. तिच्या जोडीला आता पुनर्विकास आहे. 2019 मध्ये सहकार खात्याने नियमावली सुधारली, 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली, आणि डोंबिवलीच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींना एकामागून एक पत्रे लागायला लागले.

पाडकामाला माझा विरोध नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कोणत्याही सत्तरीच्या बाईला विचारा, जुन्या जिन्याचं प्रेम किती पायऱ्यांपर्यंत टिकतं ते. माझी मागणी एवढीच की ही यादी आणि पुनर्विकासाच्या परवानग्यांची नोंदवही आपण आणखी एका कामाला वापरावी. या इमारतींत जी मुलं लहानाची मोठी झाली, त्यांच्या आठवणी घरं रिकामी व्हायच्या आधी, त्याच जिन्यात बसून, त्यांच्याच आवाजात टिपून घ्याव्यात.

हे वाचून कोणी म्हणेल, हे साहित्य मंडळाचं काम, महापालिकेचं काय? रस्ते, कचरा, पाणी आधी बघा. ते बघायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण महापालिका हे शहराचं दप्तर सांभाळणारं कार्यालय आहे आणि या दप्तरात एक मोठं भोक आहे. ते कुठे आहे ते सांगते.

मुंबईच्या सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे 48 किलोमीटर. गिरगाव, दादर, परळच्या खोल्या पुरेनाशा झाल्या, तशी माणसं इथे आली. नोकरी मात्र तिकडेच राहिली. सकाळी सात-आठच्या गाडीने गावातली कमावती माणसं निघून जायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. आई मंत्रालयात किंवा बँकेत, बाबा फोर्टात किंवा गिरणीच्या हिशेबखात्यात. रविवारी ती झोप काढायची आणि आठवड्याची भाजी आणायची. म्हणजे ज्यांनी डोंबिवली वसवली, त्यांनी डोंबिवलीची दुपार फार थोडी पाहिली. ती पाहिली मुलांनी, आजी-आजोबांनी आणि घरी असलेल्या बायकांनी. आजी-आजोबा गेले. त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. उरली ती मुलं. तीही पन्नाशी-साठीला आली आणि निम्मी पुण्यात, नाहीतर ऑस्ट्रेलियात आहेत.

या शहराच्या जागत्या बारा तासांचे हे साक्षीदार आहेत, आणि त्यांची जबानी कोणी घेतलेली नाही.

आमच्या जिन्यातलं उदाहरण देते. तळमजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांच्या दाराआड एक फळी होती, फळीला ओळीने खिळे, आणि खिळ्यांना जिन्यातल्या घरांच्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली, आमची हिरवी. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून काकूंच्या दारात उभं राहायचं. काकू आधी चेहरा बघायच्या, मग किल्ली द्यायच्या. चेहरा उतरलेला दिसला तर किल्ली मिळायची नाही, आत बसायला पाट मिळायचा. कोणाला ताप आहे, कोणाचा डबा न खाता परत आलाय, कोणी शाळेत मार खाल्लाय हे त्यांना आमच्या आयांच्या आधी सहा तास कळलेलं असायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर घटक चाचणीच्या रकान्यात पालकाची सही म्हणून काकूंचीच सही आहे. शाळेनेही ती चालवून घेतली. ते प्रगतिपुस्तक अजून त्याच्याकडे आहे.

पाळणाघर हा शब्द काकूंनी स्वतःसाठी कधी वापरला नाही. पैसे घेतले नाहीत. मग कोणत्या कागदात त्या सापडणार? आमच्या इमारतीची फाइल आपल्याकडे असेल: मंजूर नकाशा, भोगवटा, मालमत्ता कर, नळजोडणी. या कागदांप्रमाणे तळमजल्यावर एक सदनिका आहे आणि तीत एक गृहिणी राहते. प्रत्यक्षात तिथे निम्म्या जिन्याचं पालकत्व चालत होतं. अशा फळ्या त्या काळी डोंबिवलीत जवळजवळ प्रत्येक जिन्यात असाव्यात. दोन पगारांवर घरकर्ज फेडणारं हे गाव त्या फळ्यांवर चाललं, असं मला वाटतं. पण पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त हिरवी लोकर आहे, आणि तीही आठवणीतली.

संध्याकाळचं सांगते. सातनंतर आम्ही गॅलरीत यायचो. स्टेशन दिसत नव्हतं, पण रस्ता दिसायचा. रिकामा रस्ता एकदम माणसांनी भरायचा, पाच-सात मिनिटांत पुन्हा ओसरायचा. भरला की समजायचं, गाडी लागली. लोंढा मोठा असेल तर फास्ट, विरळ असेल तर स्लो. आईच्या हातात निवडलेल्या मेथीची पिशवी असेल तर बसायला जागा मिळाली होती, जुडी तशीच असेल तर उभ्याने आली, म्हणजे आज काही मागायचं नाही. रेल्वेकडे प्रवाशांचे आकडे आहेत, वेळापत्रकं आहेत. गाडी लागल्यावर घराघरांत काय व्हायचं ते गॅलरीतल्या मुलांकडे आहे.

26 जुलै 2005 घ्या. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडल्याचं सगळ्यांना पाठ आहे. लोक रुळांवरून चालत आले, कोणी ऑफिसात राहिले, कोणी अनोळखी घरात. मोठ्या माणसांच्या त्या कथा भरपूर छापून आल्या. त्या रात्री डोंबिवलीत किती घरांत फक्त मुलं होती? ती कुठे जेवली, कोणाकडे झोपली, खाडीकडच्या भागात पाणी चढत होतं तेव्हा त्यांना वरच्या मजल्यावर कोणी नेलं? आपल्या दप्तरात पंचनामे असतील: भिजलेलं धान्य, वाहून गेलेली भांडी. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज तिशीत आहेत. त्यांना विचारलं तर आजही तपशीलवार सांगतील. आणखी वीस वर्षांनी ‘खूप पाऊस होता’ एवढंच उरेल.

मुंबईच्या इतकं जवळ असून आम्ही मुंबई नव्हतो, हेही मुलांनाच आधी कळलं. मामा दादरला राहायचा, पण त्याला फोन करायचा तर तो एसटीडी, कारण आमचा कोड 0251. पुढे 95 लावून स्वस्त झालं, तोवर पीसीओच्या मीटरकडे डोळे लावून बोलायची सवय हाडात मुरली होती. 2005 नंतरची काही वर्षं भारनियमनाची. मुंबई झगमगत असायची आणि इथे दहावीची मुलं इन्व्हर्टर असलेल्या घरी अभ्यासाला जायची. कोणत्या घरी कोणाला बोलावलं जायचं आणि कोणाला नाही, यातही एक शहर दिसतं. ते फारसं गोड नाही.

गोडव्याचीच मला भीती वाटते. आपल्याकडे आठवणी गोळा करायच्या म्हटलं की स्मरणिका निघते. जाड आर्टपेपर, पहिल्या पानांवर शुभेच्छा, मग मान्यवरांचे लेख. तेव्हाची डोंबिवली कशी टुमदार होती, विहिरीचं पाणी कसं अमृत होतं, शेजारधर्म कसा होता. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले, 2017 मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन इथे झालं, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा गणेश मंदिराने 1999 मध्ये सुरू केली आणि ती गावोगाव गेली. या सगळ्याचा मलाही अभिमान आहे. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून फडके रोडला चकरा मी पण मारल्यात. पण हे लिहिलं गेलंय, पुन्हा पुन्हा लिहिलं गेलंय. ‘सांस्कृतिक नगरी’ ही पाटी एवढी मोठी झाली आहे की तिच्यामागे निम्मं गाव दिसेनासं झालं आहे.

त्या पाटीमागे कोण आहे? आयरे, कोपर, पाथर्ली, चोळे, मोठागाव इथली आगरी घरं. ज्या भाताच्या खाचरांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या खाचरांत खेकडे धरणारी मुलं आमच्याच वयाची होती. आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो तो दिवस आमच्या आठवणीत आनंदाचा आहे. त्यांच्या आठवणीत तो कसा आहे, हे मी तरी कधी ऐकलेलं नाही. आसपासची 27 गावं 1983 मध्ये महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर गेली, 2015 मध्ये परत आली. राजपत्रांत हे सगळं नीट सापडतं. पण या काळात तिथल्या मुलाची शाळा, नळ, दवाखाना नेमका कोणाचा होता, हे त्यालाच विचारावं लागेल. आणि तो सांगेल ते त्याच्या बोलीत राहू द्या. ‘शुद्ध’ करून छापलंत की निम्मं मेलं.

एमआयडीसीतली मुलं आहेत. 2020 मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाला तेव्हा सगळ्या देशाने फोटो पाहिले. तिथल्या मुलांना नवल एवढंच वाटलं असेल की बातमी आत्ता का झाली. नाल्याचं पाणी आज कोणत्या रंगाचं, रात्री वास कोणत्या दिशेने येतो, खिडकी कधी लावून घ्यायची, हे त्यांनी पाढ्यांबरोबर शिकलेलं. मे 2016 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये कारखान्यांत स्फोट झाले, काचा फुटल्या, दोन्ही वेळा उन्हाळी सुट्टीचे दिवस, मुलं घरात. प्रदूषणाच्या अहवालात मोजमापं येतात. लहानपणापासून तो वास नाकात घेऊन मोठ्या झालेल्या माणसाची साक्ष कोणत्या अहवालाला जोडली गेलीय?

केरळी, तमिळ, कच्छी, गुजराती घरं आहेत. केरळीय समाजमने इथे शाळा काढली, कॉलेज काढलं, त्यांत मराठी मुलंही ढिगाने शिकली. मल्याळी मित्राच्या घरी ओणमला जेवलेल्या मराठी मुलाची आठवण एका बाजूची. त्या मित्राची आपल्या गणपतीतली आठवण दुसऱ्या बाजूची. आणि कोणत्या सोसायटीत कोणाला घर नाकारलं गेलं, ही तिसरी. ती कोणी आपणहून सांगणार नाही, विचारावी लागेल.

आता विचारायचं कसं, याबद्दल थोडं. माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे प्रश्न चुकला की उत्तर कसं बिघडतं ते रोज पाहिलं आहे. कृपा करून निबंध स्पर्धा घेऊ नका. ‘माझ्या बालपणीची डोंबिवली’ असा विषय दिलात की पारिजातकाचा सडा आणि मातीचा वास हमखास येणार. एका वर्गमित्राला मी सहज विचारलं, लहानपण कसं गेलं रे? म्हणाला, मजेत. संपलं. मग विचारलं, शाळेतून घरी कोणत्या रस्त्याने यायचास? गडी अर्धा तास थांबला नाही. ठाकुर्लीचं फाटक, फाटक पडलं की मालगाडीच्या वाघिणी मोजायच्या, आकडा सम आला तर उद्या गणिताचे सर येणार नाहीत. पुढे एक विहीर, तिच्या कठड्यावर चढलं की ओरडणारा एक म्हातारा, मग एक कुत्रं, आणि कुत्र्यामुळे घेतलेला वळसा, जो एका गोठ्यातून जायचा. गोठ्यात चहा मिळायचा. बोलता बोलता त्याने वर्तमानपत्राच्या कडेला नकाशा काढला. त्या नकाशातली विहीर आज एका गृहसंकुलाच्या पार्किंगखाली आहे. ती कधी बुजवली हे आपल्या पाणी खात्याला तरी सांगता येईल का?

तेव्हा पहिला प्रश्न हाच ठेवा: रस्ता सांगा. मग किल्ली कोणाकडे असायची, पाणी किती वाजता यायचं आणि ते कोण भरायचं, टिळक टॉकीजला की गोपीला, कोणाबरोबर आणि कोणाला न सांगता, कशाची भीती वाटायची, कोणाच्या घरात चप्पल काढूनही आत जाता यायचं नाही. सांगणाऱ्याने वर्ष चुकवलं तर मध्येच दुरुस्त करू नये. बाजूला टिपून ठेवावं. दोघांच्या आठवणी एकमेकींशी भांडल्या तर दोन्ही ठेवाव्यात.

ध्वनिमुद्रण चांगल्या प्रतीचं हवं, मोबाइलवर फॉरवर्ड होत होत चिरडलेलं नको. सुरुवातीला सांगणाऱ्याचं जन्मवर्ष, कोणत्या साली कोणत्या भागात राहत होता, एवढं त्याच्याच आवाजात यावं. जुने फोटो ताब्यात घेऊ नयेत. घरातच स्कॅन करून त्याच बैठकीत परत द्यावेत, मागची बाजूसुद्धा स्कॅन करावी. तारीख आणि स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो. फोटोत कोण उभं आहे हे लगेच लिहून घ्यावं, कारण ते सांगणारं माणूस हे शेवटचं असू शकतं.

संमतीचं काम मात्र चोख हवं. आठवणींत जिवंत माणसं येतात: दारू पिणारे शेजारी, पळून गेलेली मुलगी, हात उगारणारे शिक्षक. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी साधी लाज आहे. सांगणाऱ्याला आपलं नाव झाकता यावं, एखादा भाग अमुक वर्षं बंद ठेवा म्हणता यावं, नंतर विचार बदलला तर काढून घेता यावं. हक्क त्याचाच राहावा. काही आठवणी फार जड असणार. कोणाचे वडील एका संध्याकाळी गाडीतून पडले आणि घरी आलेच नाहीत. डोंबिवलीत असं एकही जुनं आवार नसेल जिथे ही गोष्ट नाही. तिथे मुद्रण थांबवायचं भान असलेलं माणूस समोर हवं.

1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये भातशेती, मिठागरं, खाडीतली वाहतूक, जाती, सण, सगळं आहे. आपण आजही त्याचा आधार घेतो. ते साहेबाच्या नजरेने लिहिलं गेलं, कारण लिहिणारा साहेब होता. आज 2011 च्या जनगणनेप्रमाणे साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या महापालिकेला आपलं दप्तर आपल्या माणसांच्या तोंडून भरता यावं. त्याला काही कोटींचा प्रकल्प लागत नाही. सल्लागार नेमू नका, लोगो करू नका, उद्घाटनाला कोणाला बोलावू नका.

ठेवायचं कुठे? महापालिकेच्या ग्रंथालयात एक प्रत, शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात दुसरी. आणि एक प्रत डोंबिवलीतच असू द्या. प्रत्येक कागदासाठी कल्याणला खेप मारायची सवय आम्हाला 1983 पासून आहे, निदान स्वतःचं लहानपण ऐकायला तरी गाडी पकडायला लावू नका.

माणसांची अडचण येणार नाही. जुन्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे गट आहेत, निवृत्त झालेले आणि दुपार मोकळी असलेले पुष्कळ लोक आहेत, महाविद्यालयांत मराठी आणि समाजशास्त्र शिकणारी मुलं आहेत. मी स्वतः आहे. अडतं ते एका साध्या गोष्टीवर. अनोळखी माणूस रेकॉर्डर घेऊन सोसायटीत शिरला की वॉचमन अडवतो, आणि पुनर्विकासाच्या वेळी तर सभासदांना वाटतं हा बिल्डरचा माणूस किंवा विरोधी गटाचा. दार उघडायला आपल्या कार्यालयाचं, सही-शिक्क्याचं एक पत्र लागेल: काम काय आहे, कोणासाठी आहे, माहिती कुठे ठेवली जाणार. त्या पत्राबरोबर या वर्षीच्या धोकादायक इमारतींची यादी आणि पुनर्विकासाला परवानगी मिळालेल्या सोसायट्यांची नावं द्यावीत. क्रम तारखेप्रमाणे असावा. ज्यांची घरं आधी रिकामी होणार, त्यांच्याकडे आधी जाऊ.

पत्र मेच्या सुट्टीआधी मिळालं तर बरं. बाहेरगावी गेलेली मुलं तेव्हा आईवडिलांकडे येतात, आणि सामान बांधायलाही तीच येतात.

आपली,
आयरे रोडवर वाढलेली एक निवृत्त शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)